मावळतीची हाळी

पन्हाळा, कार्तिक वद्य तृतीया, शके १८२३

राजमान्य राजेश्री शमशुद्दीन बादशहा पिंजारी, वस्ती सध्या मुरगूड, यांसी वर्धमान बापूसो मगदूम, किराणा दुकानदार, पन्हाळा, यांचा जयजिनेंद्र.

आपण गेल्या माघात गड उतरून लेकीच्या घरी गेलात, त्याला आता दिवाळीही उलटून गेली. आपली विचारपूस करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पत्र कामाचे आहे. आपण जाण्यापूर्वी आम्हाला जी रजई शिवून दिलीत, तिचे टाके शेळीच्या वाटेसारखे वाकडेतिकडे गेले आहेत. कापूस सगळा पायांशी गोळा होतो आणि छातीवर नुसते कापड उरते. आयुष्यभर कापूस पिंजणाऱ्या माणसाला हे शोभते काय, एवढेच विचारायचे होते.

आपल्याला अक्षर येत नाही, तेव्हा पत्र आपले जावई कुतुबुद्दीन मास्तर वाचून दाखवणार, हे ध्यानात ठेवून मी जपून लिहितो आहे. जावईबापू, एवढे वाक्य गाळून वाचावे.

बाकी इकडे सर्व क्षेम. यंदा गडावर थंडी फार सुरेख पडली आहे. सकाळी धुके असे, की दुकानाच्या फळ्या काढल्या तरी गिऱ्हाईक आवाजावरून ओळखावे लागते. मग धुके हळूहळू तटाखाली उतरते आणि अर्धा गाव अंबरखान्याच्या भिंतीला पाठ लावून ऊन खात बसतो. हंबीरराव शिलेदार पटका डोळ्यांवर ओढून घोरतात आणि कोणी उठवले तर म्हणतात, मी विचार करत होतो. आमची घरधनीण त्रिशला बंबात शेणी कोंबून पाणी इतके कढवते, की आंघोळ करून बाहेर आलो की माझ्याच अंगातून धूर निघतो. रात्री गल्लीत शेकोटी. नियम जुनाच आहे, ज्याने त्याने आपले लाकूड आणावे, रिकाम्या हाताने येईल त्याने धुराच्या बाजूला बसावे. आपल्या जागेवर कोणी बसत नाही, पण त्याचा भलता अर्थ लावू नये. तिथे एक दगड टोचतो.

आता विषय निघालाच आहे तर लिहितो. विषय मी काढलेला नाही.

सूर्य बुडाल्यावर आम्ही जैन माणसे अन्नाचा कण तोंडात घालत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक. आमची गल्ली खोलगट, तटाची सावली भर दुपारी घरात शिरते. सूर्य आहे की गेला, हे चुलीपुढे बसून कळायचे नाही. म्हणून तर तू रोज तीन दरवाजाच्या तटावर बसायचास आणि सूर्य मसाईच्या पठाराला टेकला की हाळी द्यायचास, "वर्धाऽऽ, आवर!" मग मी शेवटचा घास घ्यायचा, पाणी प्यायचे, चूळ भरायची. त्यानंतर थोड्या वेळाने मशिदीत बांग व्हायची. आधी हाळी, मग बांग, असा आपला वर्षानुवर्षांचा क्रम. गेल्या हिवाळ्यात त्रिशलाच्या ध्यानात आले, की आता आधी बांग होते आणि मागाहून हाळी येते. म्हणजे सबंध हिवाळा तू मला सूर्य बुडाल्यावर जेवू घातलेस! बांग काय मला ऐकू येत नव्हती? येत होती. पण शमशूची हाळी आली नाही म्हणजे सूर्य अजून आहे, असा माझा भरवसा.

भर शेकोटीत तुला विचारले, तर तू काय म्हणालास? "व्हय, मुद्दाम केलं. चार घास जास्ती खाल्लंस तर मरतूस काय रं?" सगळी गल्ली हसली. त्यावर मी म्हणालो, की तू लबाड, पुन्हा तुझे तोंड बघणार नाही. ते तू इतके मनावर घेशील असे वाटले नव्हते. म्हणजे वाटले होते, पण चार दिवसांपुरते.

असो. वर तुला 'आपण' म्हणायचे ठरवले होते, ते कुठे सुटले कळले नाही. रजईचे तेवढे कळवावे.

वर्धमान बापूसो मगदूम

*

पन्हाळा, कार्तिक वद्य एकादशी

शमशुद्दीन यास,

मुरगूडच्या गाडीवानाबरोबर तुझा निरोप पोचला. "म्हनावं, हितं ऊन आपसूक अंगणात येतंय. तटावर चढाय लागत न्हाय." एवढाच निरोप? इतक्या मोठ्या पत्राला? गाडीवानाला मी तीनदा विचारले, आणखी काही म्हणाला का? तो म्हणाला, "म्हनालं न्हाईत, पर पत्र दोनदा वाचून घेतलं." जावईबापू, दोनदा वाचलेत हे खरे काय? खरे असेल तर हेही दोनदा वाचा.

आणि मुरगूडचे ऊन ते ऊन नव्हे. सकाळपासून मिळते त्याला काय किंमत? आमच्यासारखे दात वाजेपर्यंत धुक्यात थांबावे, मग नाकाच्या शेंड्यावर पहिली ऊब यावी, तेव्हा कुठे ते ऊन.

तुझ्यावाचून माझे काही अडलेले नाही. इतके महिने अंदाजाने जेवलो, आता हाळी देण्यासाठी मी देवडीवरचा म्हातारा कृष्णात ठरवला आहे. म्हणजे ठरवला होता. पहिल्या दिवशी त्याने हाळी दिली तेव्हा भाकरी अजून तव्यावर होती. धावत तटावर गेलो तर सूर्य चांगला हातभर वर. म्हणालो, "अहो कृष्णात, हे काय?" तर म्हणतो, "मला थंडी वाजली. थंडी वाजली म्हंजी बुडलाच म्हनायचा की!" दुसऱ्या दिवशी ढग आडवा आला, त्यालाच त्याने मावळती ठरवले. तिसऱ्या दिवशी हाळीच नाही. मी हातात घास धरून ताटकळलो आणि शेवटी तसाच उठलो, तर हा बाबा शेकोटीजवळ तंगड्या पसरून बसलेला. विचारले, सूर्याचे काय झाले? म्हणाला, "सूर्य कुठं जातुया मालक? उद्या हाय की."

तेव्हापासून मी दुपार कलली की जेवून घेतो. धोका नको. त्यामुळे शेकोटीला बसतो तोवर पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि नेमके याच दिवसांत सगळे भाजत असतात. ओला हरभरा डहाळ्यांसकट निखाऱ्यावर टाकतात, त्याचा वास गल्लीभर सुटतो. वरण्याच्या शेंगा मडक्यात शिजतात. हंबीरराव एकेक घाटा हातावर चोळून माझ्या नाकासमोर फुंकर घालतात आणि विचारतात, "शेटजी, घेताय न्हवं?" मी म्हणतो, पोट भरलेय. काल म्हणे मी झोपेत थालीपीठ मागितले.

परवा पायथ्याच्या गुऱ्हाळावर गेलो होतो, अर्थात दिवसाढवळ्या. काहिलीतला गूळ उसाच्या कांड्यावर गुंडाळून चाखायचा, फुंकत फुंकत, जीभ भाजेस्तोवर. दरसाल आपण दोघे जायचो. गुळव्याने विचारले, "पिंजारीमामू न्हाय आलं?" मी म्हणालो, "न्हाय आलं. मुरगूडला ऊन खातंय." त्याने तुझ्या वाटणीचे कांडेही माझ्या हातात दिले. ते मी खाल्ले नाही असे लिहायचा विचार होता, पण खाल्ले.

वर्धमान

*

पन्हाळा, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

शमशू यास,

तुमचा रमजान सुरू झाला. धुक्यामुळे गडावर चंद्र कोणाला दिसला नाही. सगळे तटावर माना उंच करून उभे, आणि कोणीतरी म्हणाले, "शमशूमामू असता तर त्येनं सांगितलं असतं, दिसला की न्हाय." मी म्हणालो, त्याच्या सांगण्यावर जाऊ नका, तो मुद्दाम उशिरा सांगतो. कोणी हसले नाही.

तर जावईबापूंचे पत्र आले. अक्षर मोत्यांसारखे आहे, मजकूर मात्र मला आवडला नाही. लिहितात, "मामूजी आता कायमचे येथेच राहणार. ईद झाली की लालबी आपांनाही घेऊन येऊ आणि घराला कुलूप लावू. तूर्त मामूजींची कापसाची पिंजण गाडीवानाबरोबर पाठवून द्यावी."

कायमचे?

जावईबापू, आपण शिकलेले आहात, आपल्याशी वाद घालणार नाही. पण पिंजण पाठवता येत नाही. ती सापडत नाही. शिवाय तिची आतड्याची तात उंदरांनी खाल्ली आहे. पावसाळ्यात लाकूडही कुजले असावे. त्रिशला शेजारी बसून भाकरी थापते आहे, ती म्हणते, "कुठलं तरी एकच कारण लिवा." तर सापडत नाही, हे धरावे.

शमशू, तुझी ती आडमुठी बहीण लालबी आपा काल माझ्या दुकानात येऊन म्हणाली, "मला कुलपात घालायचं असंल तर आधी मला विचारा म्हनावं. मी गड उतरनार न्हाय." हे मी माझ्या मनाचे लिहीत नाही. ती आता रोजे धरते आणि एकटी बांगेची वाट बघत उंबऱ्यावर बसते. गल्लीत तुझ्या पिंजणीचा आवाज नाही. थंडी सुरू झाली हे आम्हाला त्या टणत्काराने कळायचे, यंदा नुसत्या शिंकांनी कळले.

मी चिडून असे म्हणालो होतो की तुझे तोंड बघणार नाही. तू मात्र न चिडता घर बंद करायला निघालास. लबाडी तू केलीस आणि गाव मी सोडायला हवा होता की काय?

वर्धमान

ता. क. पिंजण माझ्या दुकानात टांगलेली आहे. जावईबापू, हे वाचू नये.

*

पन्हाळा, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

शमशू,

आज ती रजई घेऊन लालबी आपाकडे गेलो होतो. रात्री थंडी सोसवेना, म्हटले कापूस सारखा करून दोन टाके तरी घालून मिळतील. आपाने रजई उन्हात पसरली, टाक्यांवरून बोटे फिरवली आणि पदर डोळ्यांना लावला. मी म्हणालो, "आपा, शिवण वाईट आहे, पण रडण्याइतकी नाही."

ती म्हणाली, "त्यानं चाचपून शिवलीया रं ही. दिसत हुतं कुठं त्येला? सुया म्या ओवून देत हुते."

मला काही उमजेना. मग तिने सांगितले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यापासून तर माणूस दारात उभा राहिला तरी नुसती सावली दिसते. मी विचारले, "मग तटावर बसून तो काय बघत होता?"

"काय बघनार? बांगेची वाट बघायचा. बांग झाली की सूर्य गेला म्हनून हाळी द्यायचा."

"अगं, मग मला सांगायचं नाही का? मी त्याला गल्लीसमोर लबाड म्हणालो!"

"म्या म्हनलं हुतं, सांग त्येला. तर मलाच शपथ घातली. म्हनला, वर्धानं लबाड म्हनलं तर चालंल, आंधळा म्हनलं तर न्हाय."

शमशू, मी तिथेच ओट्यावर बसलो. मला तुझा इतका राग आला, की हाताशी असतास तर तुला हलवून हलवून विचारले असते. आणि इतके वाईट वाटले, की दुकान उघडायला उठवेना. हंबीररावांनी विचारले, शेटजी, काय झाले? मी म्हणालो, विचार करतोय.

लेका, तू रोज काठी टेकत त्या पायऱ्या चढत होतास. दिसत नाही, तरी चढत होतास. का, तर मी जेवताना चुकू नये म्हणून. आणि जेव्हा चुकलास, तेव्हा चेष्टा केली असे सांगून मोकळा झालास.

आता अडचण अशी आहे, की हे पत्र जावयाने वाचावे असे मला वाटत नाही, आणि तुला तर वाचता येत नाही. मग टपालात टाकून उपयोग काय? तेव्हा हे खिशात घालतो आणि मीच येतो. केरबाची बैलगाडी ठरवली आहे.

वर्धा

*

मुरगूड, मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

सौ. त्रिशलास आशीर्वाद.

काल दुपारी सुखरूप पोचलो. वाटेत केरबाचा एक बैल बसला, तो उठवताना केरबाही बसला, एवढेच. हे पत्र आजच गडाकडे निघालेल्या गाडीवानाबरोबर माझ्याआधी पोचेल. सावकाश अक्षर लावून वाच, कोणाकडून वाचून घेऊ नकोस.

शमशू अंगणात बाजेवर बसला होता. दाढी वाढली आहे, अंगाने उतरला आहे. मी फाटकातच उभा राहिलो. त्याने मान वर केली, "कोन पावणं?"

मी खिशातले पत्र चाचपले.

"आरं कोन हाय? बोला की!"

मी दोन पावले पुढे आलो. त्याने कान दिला आणि म्हणाला, "पाय घासत चालनारा मुलखात एकच हाय. का आलास?"

मी बाजेवर बसलो आणि खिशातले पत्र मोठ्याने वाचायला लागलो. जावईबापू शाळेत गेले होते, त्याची लेक मदिना आत चुलीपाशी होती. शमशू पुढे सरकून ऐकत होता. सुयांचे वाचले तेव्हा त्याने तोंड फिरवले. पत्र संपल्यावर म्हणाला, "लालबीच्या पोटात काय ऱ्हात न्हाय. मग? कीव कराय आलास व्हय?"

"कीव कसली? मला भूक लागलीया," मी म्हणालो. खरे तर काहीतरी चांगले बोलायचे ठरवून गेलो होतो. "कार्तिकापासून उपाशी हाय. तो कृष्णात थंडी वाजली की सूर्य बुडवतोय. तू गडावर चल."

"आंधळा मानूस तटावर न्हिऊन काय करनार?"

"सूर्य मी बघीन. माझा आवाज जात नाही गल्लीपर्यंत, हाळी तू दे."

"म्हंजी तू तटावर बसनार? मग जेवनार कवा?"

"तिथंच. भाकरी बांधून नेतो."

"रोज्यात? माझ्या फुडं?"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी म्हणालो, "पाठ करून बसतो की."

"आरं येड्या, पाठ केल्यावर सूर्य कसा दिसंल तुला?"

"मग तू तोंड फिरव! तुला कुठं काय दिसतंय?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. मदिना आतून धावत दारात आली. शमशू हसायलाच लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, मी पाठ चोळली, तरी हसतच होता. म्हणाला, "धा म्हैने झालं, माझ्याशी सगळी हळू बोलत्यात. कुनी माझ्यावर वराडलं न्हाय."

मग आमचे सगळे ठरले. जावईबापूंनी संध्याकाळी थोडे आढेवेढे घेतले, पण मिरजेच्या दवाखान्यात डोळ्याचा डॉक्टर आहे, ईदनंतर तिकडे दोघांनी मिळून न्यायचे, असे म्हटल्यावर राजी झाले. पिंजणीचे त्यांनी काही विचारले नाही. मीही विषय काढला नाही.

उद्या पहाटे निघतो, परवा गडावर. त्याच दिवसापासून तटावर बसायचे. मी शेवटचा घास गिळायचा, त्याने पहिला खजूर तोंडात टाकायचा. आता लोक काय बोलायचे ते बोलोत.

पण त्रिशला, एक गोष्ट राहिली. रात्री अंथरुणावर पडल्यावर शमशूने मला विचारले, "वर्धा, तू तटावर बसून जेवनार, मग हाळी कुनासाठी?"

मी म्हणालो, "का? घरी त्रिशला आहे. तिलाही सूर्य बुडायच्या आत जेवायचं असतंच की."

तो अंथरुणात उठून बसला. मग म्हणाला, "इतकी वर्सं हाळी आली की तू शेवटचा घास घ्यायचास. वहिनी तुझ्या मागनं बसायच्या. मग त्या कवा जेवायच्या रं?"

मी कूस बदलून झोपेचे सोंग घेतले. झोप काही लागली नाही. गेल्या हिवाळ्यात मी सूर्य बुडाल्यावर चार घास जास्त खाल्ले म्हणून सगळी गल्ली डोक्यावर घेतली. तू त्या चुलीपुढे माझ्यानंतर काय खात होतीस, की काही खातच नव्हतीस, हे मी एकदाही विचारले नाही. बांग आधी होते आणि हाळी नंतर येते, हे मला ऐकूनही कळले नाही आणि तुला कसे कळले, ते मला आता समजले. हाळीपासून बांगेपर्यंतचा तेवढाच वेळ जेवायला तुझ्या वाट्याला यायचा, आणि भुकेल्या माणसाचेच कान तिकडे असतात.

परवा माझी भाकरी दुपारीच बांधून ठेव. मी ती घेऊन निघालो की लगेच आपले पान वाढून घे आणि निवांत जेव. घाई करू नकोस. सूर्य टेकला की शमशू हाळी देईल, आणि ती तुझ्या नावाने देईल. तसे मी त्याला सांगून ठेवले आहे.

वर्धमान